अंड्यात पिल्लू आहे का?

कोंबडी खुडूक झाली, की पिसे फुलवून एका जागी बसते. हात लावायला गेले की टोचते. अंडी द्यायचे थांबवते. मग घरातली बाई टोपलीत पेंढा घालते, अंडी मांडते आणि कोंबडीला वर बसवते. २१ दिवसांनी पिल्ले निघतात. हे काही तुम्हांला नव्याने सांगायला नको.

पण पिल्ले किती निघतात? एका घरची गोष्ट सांगतो. त्या घरी दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या. प्रत्येकीखाली १२ अंडी. बाईने २४ पिल्लांचा हिशोब मांडला. मुलांनी तर पिल्ले आपापसांत वाटूनही घेतली. निघाली फक्त ९. उरलेली १५ अंडी उकिरड्यावर टाकायची होती, त्यांतले एक बाईच्या हातातच फुटले. त्याचा वास दोन दिवस घरातून गेला नाही. बाई म्हणाली, "कुणाची तरी दृष्ट लागली." सासू म्हणाली, "त्या रात्री वीज कडाडली ना, तेव्हाच अंडी बिघडली."

दृष्टही नव्हती आणि वीजही नव्हती. त्यांतल्या पुष्कळ अंड्यांत पिल्लू धरलेच नव्हते. ती विकली असती, तर त्याच दिवशी पैसे हातात आले असते. दिव्यावर धरून पाहिली असती, तर आठवड्यात सगळे कळले असते.

कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते. ती अंडी खायला चांगली, पण त्यांतून पिल्लू होत नाही. अशा अंड्याला आपण वांझ अंडे म्हणू. दुकानातली पांढरी अंडी बहुतेक अशीच असतात. त्या कोंबड्यांत कोंबडा ठेवलेलाच नसतो. तुमच्या ८-१० कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा हवा. म्हातारा, लंगडणारा कोंबडा असून नसल्यासारखाच.

बसवायला आठवड्याच्या आतली अंडी घ्या. फार मोठे, फार लहान किंवा तडकलेले नको. आणि अंडी धुऊ नका. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक भोके असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. त्यांतून आतल्या पिल्लाला हवा मिळते. कवचावर एक पातळ थर असतो. तो घाण आत जाऊ देत नाही. पाण्याने धुतले की तो थर निघून जातो.

अंडी साठवताना निमुळते टोक खाली ठेवा. उन्हाळ्यात अंड्यांची टोपली पाण्याच्या माठाजवळ, ओल्या वाळूवर ठेवा. कडक गरमीत अंडे कोंबडीखाली न जाताच थोडे वाढायला लागते आणि मग मध्येच मरते. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून कोंबडी, असे जाणती माणसेही सांगतात. ते खरे नाही. आकारावरून काही कळत नाही.

कोंबडी अंधार पडल्यावर बसवा, म्हणजे ती मुकाट बसते. पेंढ्यात थोडी राख टाका, म्हणजे उवांचा त्रास कमी होतो. रोज एकदा ती दाणापाण्याला उठेल. १५-२० मिनिटांनी परत येईल. तेवढ्यात अंडी बिघडत नाहीत, म्हणून तिला कोंडून ठेवू नका. ती चोचीने अंडी उलटत राहते, तेही फार गरजेचे. तसे झाले नाही, तर पिल्लू आत कवचाला चिकटते.

आता दिव्याचे काम. सात दिवस भरले, की रात्री अंधाऱ्या खोलीत बसा. पुठ्ठ्याच्या खोक्याला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडा. आत बॅटरी लावून ठेवा. मोबाइलचा दिवाही चालतो. कोंबडीखालून दोन-तीन अंडी हळूच काढा. अंड्याचा रुंद बुडखा भोकावर टेकवा आणि अंडे सावकाश फिरवा. उजेड आरपार येतो. आतले दिसते.

काय दिसेल? पिल्लू जिवंत असेल, तर एक काळपट ठिपका दिसेल आणि त्याच्या चारी बाजूंनी लाल शिरा फुटलेल्या दिसतील. जाळ्यात कोळी बसावा, तसे. नीट बघितले तर ठिपका हलतानाही दिसतो. पहिल्यांदा हे बघणारा माणूस अंडे खाली ठेवायला तयार होत नाही! मुलांना जरूर दाखवा.

आत सगळीकडे स्वच्छ पिवळसर उजेड पडला, एकही शीर नाही, तर अंडे वांझ आहे. आणि शिरांच्या जागी बांगडीसारखे लाल कडे दिसले, तर पिल्लू धरले होते पण मेले. ही दोन्ही अंडी काढून टाका. मेलेले अंडे कुजते, आत वायू साठतो आणि ते फुटते. मग ती घाण चांगल्या अंड्यांनाही लागते. गावठी अंड्याचे कवच तपकिरी असले, तर आतले जरा अंधुक दिसते. शंका आली तर घाई करू नका. अंड्यावर पेन्सिलीने खूण करा आणि तीन दिवसांनी पुन्हा पाहा.

त्या बाईने पुढच्या खेपेला असेच केले. पुन्हा दोन कोंबड्या, पुन्हा २४ अंडी. आठव्या दिवशी दिवा लावला, तर एकीखाली ७ चांगली, दुसरीखाली ५. तिने ती १२ अंडी एकाच कोंबडीखाली ठेवली. दुसरी मोकळी सोडली. थोड्याच दिवसांत ती पुन्हा अंडी देऊ लागली. पहिलीने १० पिल्ले काढली. आणि निम्मी अंडी वांझ का, हेही बाईला उमगले. कोंबडा म्हातारा झाला होता. तिने दिवाळीआधी तरणा कोंबडा आणला.

चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा बघा. आता अंडे बरेचसे काळे दिसेल. बुडख्याकडे तेवढी उजेडाची जागा राहील. ती हवेची पोकळी. अंड्यातले पाणी आटत जाते, तशी ती मोठी होते. अठराव्या दिवसानंतर मात्र अंड्यांना हात लावू नका. पिल्लू बाहेर यायच्या बेतात असते. आधी ते चोच त्या पोकळीत खुपसते, पहिला श्वास घेते आणि आतूनच चिवचिवते. मग कवचाला भोक पडते. तिथून पुढे कधी अर्धा दिवस लागतो, कधी जास्त. पोरे अंडे सोलायला बघतात. सोलू देऊ नका. आतल्या शिरा ओल्या असतात, त्या तुटल्या तर रक्त जाऊन पिल्लू मरते.

कोणी खोक्यात विजेचा दिवा लावून अंडी उबवतात. त्यात ऊब सतत ३७.५ ते ३८ अंश ठेवावी लागते, पाण्याची वाटी ठेवावी लागते आणि अंडी दिवसातून तीन-चार वेळा हाताने उलटावी लागतात. इजिप्त देशात मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवायची फार जुनी रीत आहे. तिथले कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखत. पण आपल्या गावात वीज केव्हा जाईल, याचा भरवसा नाही. दहा-बारा अंड्यांना खुडूक कोंबडीच बरी.

पिल्ले निघाल्यावर पहिला दिवस त्यांना चारा नसला तरी चालते. अंड्यातला बलक त्यांच्या पोटात गेलेला असतो. दुसऱ्या दिवसापासून बारीक कण्या आणि पसरट ताटलीत पाणी द्या. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा असतो. लस गुरांच्या दवाखान्यात विचारा. एका कुपीत १०० किंवा जास्त पिल्लांची लस असते आणि कालवली की लगेच संपवावी लागते. आळीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या, तर एकच कुपी सगळ्यांना पुरते.