नगरपालिकेनें वकील केव्हां नेमावा?

एखादी नगरपालिका पुलाचें, रस्त्याचें वा ट्रामचें काम हातीं घेते, तेव्हां नागरिकांचें लक्ष खडी, माती आणि लोखंड यांकडे असतें. परंतु त्या कामाचें बरेंवाईट पुष्कळदां करारनाम्याच्या कागदावरच ठरून गेलेलें असतें. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथील ट्रामची हकीकत या दृष्टीनें मनन करण्यासारखी आहे.

तेथील नगरपालिकेनें ट्रामसाठीं स्वतःच्या मालकीची एक कंपनी स्थापन केली होती. खर्चाची मर्यादा ५४ कोटि ५० लक्ष पौंड ठरली; त्यांपैकीं ५० कोटि स्कॉटलंडच्या सरकारनें द्यावयाचे होते. मे २००८ मध्यें बिलफिंगर बर्गर, सीमेन्स वगैरे कंत्राटदारांच्या संघाशीं करार झाला. किंमत बव्हंशीं निश्चित आहे, असा समज करून देण्यांत आला. परंतु कराराच्या एका परिशिष्टानें ती किंमत अनेक गृहीत गोष्टींवर टांगून ठेविली होती. त्यांतील एखादी गोष्ट प्रत्यक्षांत निराळी निघाली, कीं कंत्राटदारानें तशी सूचना द्यावी आणि जादा पैसा व मुदत मागावी, अशी ही योजना होती. आणि सही झाली त्या वेळीं रस्त्याखालील नळ व तारा हलविण्याचें काम अपुरें होतें; आराखडेहि अपुरेच होते.

वकिलाचा खरा प्रश्न येथेंच उद्भवतो. नगरपालिकेपाशीं पगारी कायदेतज्ज्ञ होते. तथापि एवढ्या गुंतागुंतीच्या करारासाठीं त्या विषयांत मुरलेला बाहेरचा वकील लागतो. नगरपालिकेनें स्वतःसाठीं असा निराळा वकील न नेमतां कंपनीच्या वकिलांवरच भिस्त ठेविली. कंपनी आपलीच, तेव्हां दोघांचें हित एकच, हा त्यामागील हिशेब. पण कंपनीपुढें काम सुरू करण्याचा प्रश्न होता, तर नगरपालिकेपुढें जादा खर्चाचा बोजा किती पडेल, हा. दोन प्रश्न निराळे असतांना सल्लागार मात्र एकच राहिला.

२००९ च्या आरंभीं प्रिन्सेस स्ट्रीट या मुख्य रस्त्यावरील काम वादामुळें अडलें. ब्रिटनमध्यें १९९६ च्या कायद्यान्वयें बांधकामाच्या वादांत कोणत्याहि पक्षास त्रयस्थ तज्ज्ञाकडे निवाडा मागतां येतो. त्यानें सामान्यतः २८ दिवसांत निर्णय द्यावयाचा, आणि न्यायालय किंवा लवाद निराळें ठरवीपर्यंत उभय पक्षांनीं तो पाळावयाचा. कंपनीनें आतां बाहेरचे आणखी निष्णात वकील आणले. तरीहि महत्त्वाच्या मुद्द्यांवरील निवाडे बव्हंशीं कंत्राटदारांच्या बाजूनें गेले. वकील कितीहि निष्णात असला, तरी सही झालेला मजकूर त्याला पुसतां येत नाहीं. मार्च २०११ मध्यें मार हॉल येथें मध्यस्थासमक्ष बैठकी होऊन तडजोडीचा मार्ग निघाला.

ट्राम ३१ मे २०१४ रोजीं, म्हणजे ठरल्यापेक्षां सुमारें तीन वर्षें उशिरां धांवूं लागली. खर्च ७७ कोटि ६० लक्ष पौंडांवर गेला आणि मार्ग आखला होता त्याहून आंखूड झाला. न्यूहेवनपर्यंतचा उरलेला भाग जून २०२३ मध्यें निराळा खर्च करून सुरू झाला. लॉर्ड हार्डी यांच्या चौकशीचा अहवाल त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झाला. त्यानें मुख्य दोष कंपनीला दिला, परंतु नगरपालिकेस आणि सरकारच्या मंत्र्यांसहि मोकळें सोडलें नाहीं.

वाद पेटल्यावर बाहेरचा वकील नेमणें गैर नाहीं; पुष्कळदां तें अपरिहार्यच असतें. पण तोंवर तें वरातीमागून घोडें ठरतें. सहीपूर्वीं करारनामा वाचणारा, केवळ नगरपालिकेलाच जबाबदार असलेला आणि परिशिष्टांतील धोका साध्या भाषेंत लेखी सांगणारा वकील हाच खरा उपयोगी. त्याची फी आधीं जड वाटते. ती न दिल्याची किंमत मात्र नागरिकांना पुढें करांच्या रूपानें भरावी लागते. म्हणून आपल्या गांवीं मोठें काम निघालें, तर किती पैसे मंजूर झाले एवढेंच न विचारतां, हा करार नगरपालिकेच्या वतीनें कोणीं वाचला, हेंहि नागरिकांनीं विचारावें.