प्लग काढला, तरी धोका उरतो

बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी कृष्णधवल टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनवल्या. त्यांच्या काचेसाठी १९८०च्या दशकात नवी मुंबईत, तळोज्याला कारखाना उभारला. आज असा जुना संच उघडायचा, तर आधी ही काच समजून घ्या. तिच्या आतबाहेर ग्रॅफाइटचा वाहक लेप असतो, म्हणजे ट्यूब स्वतःच मोठा कपॅसिटर. रंगीत संचात तिथे वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि प्लग काढल्यावरही भार साठून राहू शकतो. वीजपुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात. तो जास्त घातक.

त्यामुळे ट्यूब डिस्चार्ज करणे जाणत्या मेकॅनिकसमोर बसूनच शिकावे. ट्यूबची नाजूक मानही जपावी.

दोष मात्र पुष्कळदा साधा असतो. पडद्यावर मधोमध एकच आडवी रेघ? व्हर्टिकल विभाग तपासा. तिथे सुटलेले सोल्डर अनेकदा सापडते. दुरुस्तीनंतर थेट प्लग लावू नका, आधी संचाशी सिरीजमध्ये जोडलेल्या बल्बमधून वीज द्या. बल्ब प्रखर पेटूनच राहिला, तर शॉर्ट अजून आहे.

बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर सुटे भाग घ्यायला जाताना जुना भाग सोबत न्या. कपॅसिटरचे व्होल्ट मूळच्यापेक्षा कमी नकोत.