काळ्या दगडाचे जुने नकाशे

आपल्यांपैकी ज्यांचे बालपण अलिबाग, रेवदंडा किंवा पनवेलच्या बाजूस गेले, त्यांना काळ्या दगडाची ओळख करून द्यावयास नको. घराचे जोते त्याचे, विहिरीचा कठडा त्याचा आणि पाटा-वरवंटाही त्याचाच. इस्राएलमध्ये आल्यावर तिबेरियाच्या जुन्या भिंतींत आणि गोलानच्या माळावर तसाच दगड आपल्याला पुन्हा भेटला. हा दगड मुळात झाला कसा, या प्रश्नावरून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत विद्वानांचा मोठा वाद माजला होता. त्या काळचे भूस्तरशास्त्राचे ग्रंथ व नकाशे आज संग्राहक जिवापाड जपतात. त्यांतील कित्येक सिद्धांत तर चुकीचे ठरलेले आहेत. मग असली पुस्तके जपावयाची तरी कशासाठी?

सॅक्सनीतील फ्रायबेर्ग हे चांदीच्या खाणींचे गाव. १७६५ साली तेथे खाणविद्येची अकादमी निघाली. आब्राहाम गोटलोब वेर्नर यांनी १७७५ पासून १८१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे अध्यापन केले. काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हा आदिसमुद्राच्या पाण्यातून थर साचून झाला, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांचेच शिष्य लेओपोल्ड फॉन बूख १८०२ साली फ्रान्समधील ओव्हेर्न प्रांतात गेले. विझलेल्या ज्वालामुखींचा तो प्रदेश प्रत्यक्ष पाहिल्यावर गुरूंच्या मतावरील त्यांचा विश्वास डळमळला. बेसाल्ट हा थिजलेला लाव्हा होय, हे पुढे सर्वमान्य झाले. सह्याद्रीचा काळा दगडही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच लाव्ह्याचा आहे.

या काळात जर्मनीत भूमीचे नकाशे रंगविण्याची विद्या वाढीस लागली. फ्रायबेर्गच्या अकादमीतील शार्पांत्ये यांनी १७७८ साली सॅक्सनीच्या खनिज-भूगोलाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यासोबत निरनिराळे खडक निरनिराळ्या रंगांनी दाखविणारा नकाशा जोडला. १८२१ पासून केफरश्टाइन यांचे जर्मनीचे नकाशे वायमार येथे निघू लागले. त्यांत कोणत्या खडकाला कोणता रंग द्यावा, याचा सल्ला खुद्द महाकवी गटे यांनी दिला होता. १८२६ मध्ये फॉन बूख यांचा ४२ पत्रकांचा भव्य नकाशा बर्लिनहून प्रकाशित झाला.

त्या काळी रंगीत छपाई रूढ नव्हती. रेषा ताम्रपटावरून छापीत आणि रंग हाताने भरीत. त्यामुळे एकाच नकाशाच्या दोन प्रतींतही थोडाफार फरक आढळतो. जाणता संग्राहक म्हणूनच प्रथम रंग पाहतो : तो मूळचा, की एखाद्या विक्रेत्याने मागाहून भरलेला? मग तो पत्रके मोजतो, कारण ग्रंथ हाती येतो पण त्यातला घडीचा नकाशा कोणी तरी कापून नेलेला असतो. कापडावर डकविलेली जुनी प्रत मळकट दिसली तरी तो तिला नाके मुरडत नाही. ती कोणी तरी डोंगरात वापरली, याचीच ती खूण असते.

या विद्येची कथा आपल्या लोकांपर्यंतही येऊन पोहोचते. १८६६ साली प्राग येथे जन्मलेले विल्हेल्म युंक हे ज्यू गृहस्थ. त्यांनी १८९९ मध्ये बर्लिन येथे निसर्गशास्त्राच्या दुर्मिळ ग्रंथांची पेढी काढली. कोणत्या ग्रंथाची कोणती आवृत्ती खरी, चित्रे किती, नकाशे किती, याची त्यांनी दिलेली वर्णने पुढच्या ग्रंथविक्रेत्यांना मार्गदर्शक झाली. नाझी राजवट आल्यावर त्यांना जर्मनी सोडून हॉलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. तेथेही जर्मन सेना पोहोचली. १९४२ साली हेग येथे त्यांनी व त्यांच्या पत्नीने स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. ज्या देशाची ग्रंथसंपदा त्यांनी इतक्या मायेने नोंदविली, त्या देशाने त्यांना शहात्तराव्या वर्षीही सुखाने जगू दिले नाही.

जर्मनीतीलच वांगेन या खेड्यात १९०० साली जन्मलेले लेओ पिकार्ड १९२४ मध्येच या भूमीत आले. येथील डोंगर-दऱ्यांचे भूस्तर अभ्यासण्यात त्यांनी आयुष्य वेचले. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि १९५८ साली त्यांना इस्राएल पारितोषिक मिळाले. जे ज्ञान एका देशाला नकोसे झाले, ते दुसऱ्या देशाच्या पायाभरणीस उपयोगी पडले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. वेर्नर यांचा ग्रंथ जपावयाचा तो उत्तरासाठी नव्हे. प्रामाणिक मनुष्य कसा पाहतो, कोठे चुकतो आणि त्याचाच शिष्य ती चूक कशी दुरुस्त करतो, हे त्यात दिसते. इतकी वर्षे वर्गात शिकविल्यावर मला वाटते की विद्यार्थ्याला याहून मोठा धडा देता येत नाही.

आपल्या घरांतही असे काही नसेलच असे नाही. मुंबईत १८५७ साली डॉ. हेन्री कार्टर यांनी पश्चिम भारताच्या भूस्तरांवरील निबंधांचा संग्रह सरकारसाठी संपादिला होता व त्यासोबत नकाशांचे स्वतंत्र पुस्तक होते. आपले आजे-पणजे पलटणीत, रेल्वेत, बांधकाम खात्यात नोकरीस होते. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी एखादा कापडी नकाशा, सर्व्हेची वही किंवा फाटके पुस्तक घडी घालून पडलेले असू शकेल. मुलांना मराठी वाचता येत नाही म्हणून, अथवा नव्या घरात जागा नाही म्हणून, ते रद्दीत घालू नका. भिंतीवर लावण्यासाठी पुस्तकातील नकाशा कापू नका. चिकटपट्टी लावू नका, उन्हात ठेवू नका. तो कोणाचा आणि कोठून आला, एवढे एका वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा, आणि मग एखाद्या जाणकारास दाखवा. कदाचित तो केवळ जुना कागद ठरेल, पण हा निर्णय रद्दीवाल्याने घ्यावयाचा नसतो.