गाडी ड्रायव्हर चालवतो, वेळ मालक ठरवतो



मराठवाड्यातून हैदराबादला जाणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना काचीगुडा स्टेशन ठाऊक आहे. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी या स्टेशनात एक लोकल गाडी कर्नूलहून आलेल्या एक्स्प्रेसवर आदळली. लोकलचा चालक चेपलेल्या केबिनमध्ये सुमारे आठ तास अडकून पडला होता. त्याला जिवंत बाहेर काढले, परंतु काही दिवसांनी इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. कामावर गेलेला माणूस घरी परतला नाही.

रेल्वेत असा अपघात घडला की चौकशी बसते. सिग्नल कोणता होता, वेग किती होता, चालक किती तास कामावर होता, हे सारे पाहिले जाते. मुळात कामावर रुजू होतानाच तो दारू प्यायलेला नाही ना, हे यंत्राने तपासतात. मुक्कामाच्या गावी झोपायला रनिंग रूम असते. इतकी व्यवस्था असूनही अपघात होतात. मग आपल्या मोसंबीच्या टेंपोचे काय? तो उलटला की आपण म्हणतो, "ड्रायव्हरला डुलकी लागली," आणि आपली चौकशी तिथेच संपते. त्याची झोप झाली होती का, हे कोणी विचारत नाही. कारण त्याचे उत्तर बहुधा आपल्याच अंगणात सापडते.

आपल्याकडचा नेहमीचा दिवस पाहा. गडी सकाळी सहाला उठून ट्रॅक्टर धरतो. दुपारी तोच तोडणीला असतो, संध्याकाळी तोच क्रेट भरतो. रात्री अकराला आपण त्याच्या हाती टेंपोची किल्ली देतो आणि बजावतो, "पहाटेच्या लिलावाला पोहोच." त्या घटकेला तो सतरा तास जागा असतो. शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे की, सतरा तास जागलेल्या माणसाची सावधानता जवळजवळ १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न पिता आपला ड्रायव्हर पिणाऱ्यासारखा होतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ५० मीटर अंतर गाडी आंधळी धावते. पहाटे दोन ते सहा या वेळेत झोपेचा जोर सर्वांत अधिक असतो. चहा, तंबाखू किंवा खिडकीचा वारा यांनी झोप थोडी पुढे ढकलली जाते, भागत नाही. झोपेवर झोप हेच औषध आहे.

ही गोष्ट कायद्याने फार पूर्वीच ओळखली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असा नियम घातला होता. पुढे २०२० साली झालेल्या नव्या कामगार संहितेत तो कायदा सामावून घेण्यात आला. तो मोठ्या वाहतूक संस्थांसाठी होता, आपल्या एका टेंपोसाठी नव्हता. परंतु शरीराचा थकवा टेंपो मोजून येत नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली.

तेव्हा मालकाने पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री गाडीवर पाठवू नये. रात्री जायचे असेल तर त्याला दुपारी झोपू द्यावे.

२. पोहोचण्याची वेळ ठरवताना दर दोन तासांनी थोडा थांबा धरावा. झोप आलीच तर रस्ता सोडून, सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटे पडावे. गाडी चालू असताना "कुठवर आलास?" म्हणून फोन करू नये.

३. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, दिवे आणि आरसे स्वतः पाहावेत. ट्रॉलीच्या मागे लाल चमकपट्ट्या लावाव्यात. प्रमाणाबाहेर माल भरू नये आणि मालावर माणसे बसवू नयेत.

४. परवाना व विमा तपासावा. परवाना नसलेल्याला गाडी दिली तर मालकही गुन्हेगार ठरतो. ड्रायव्हरचे डोळे वेळोवेळी तपासून घ्यावेत. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, हे त्याला सांगावे.

५. उशीर झाला म्हणून मजुरी कापू नये. मजुरी कापली जाईल या भीतीने माणूस पेंगत गाडी हाकतो.

लिलाव चुकला तर चार पैसे कमी येतात, ते पुढच्या तोडणीत भरून निघतील. आज रात्री किल्ली देण्यापूर्वी आपल्या ड्रायव्हरला एवढेच विचारा, "बाबा, झोप किती झाली?" आणि उत्तर ऐकून मगच किल्ली द्या.