विश्लेषण : ज्वारीची भाकरी खाऊनही त्रास का थांबत नाही? सिलिअ‍ॅक आजार, मावळचा तांदूळ आणि गिरणीतले पीठ

पावसाळ्यातल्या रविवारी मळवली स्थानकावर लोकल रिकामी होते आणि गर्दी भाजे गावाच्या दिशेने चालू लागते. लेणी, धबधबा, वर लोहगड-विसापूर आणि वाटेवर गरम वडापाव, कांदाभजी, मसाला नूडल्स. बहुतेकांसाठी सहलीचा निम्मा आनंद याच टपऱ्यांवर असतो. मात्र सिलिअ‍ॅक आजार असलेल्या माणसाला यातला प्रत्येक पदार्थ घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा लागतो : यात गहू आहे का?

मावळ हा भाताचा पट्टा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेला इंद्रायणी तांदूळ याच मातीतला. तांदूळ, नाचणी, वरई यांत ग्लुटेन नसतेच. म्हणजे सिलिअ‍ॅक रुग्णाचे औषध येथे शेतातच पिकते. तरीही गहू सोडल्यानंतर अनेकांचा त्रास थांबत नाही. असे का होते, ते समजून घेऊ.

सिलिअ‍ॅक म्हणजे नेमके काय?

गहू, जव आणि राय या धान्यांतील विशिष्ट प्रथिनांना एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतात. कणीक मळल्यावर ती चिवट होते, ताणली जाते, ती ग्लुटेनमुळेच.

सिलिअ‍ॅक असलेल्या व्यक्तीच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नातले पोषण शोषून घेण्याचे काम त्यांचे. हल्ल्यामुळे ते झिजतात, सपाट होतात. मग माणूस पोटभर जेवतो, पण लोह, कॅल्शिअम, जीवनसत्त्वे अंगाला लागत नाहीत.

ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे आणि साधे अपचनही नव्हे. हा स्वयंप्रतिकार आजार आहे. त्यासाठी विशिष्ट जनुके असावी लागतात. ही जनुके साधारण दर तिघांतील एकाकडे असतात, पण त्यातल्या फार थोड्यांना आजार होतो. घरात एकाला सिलिअ‍ॅक असेल, तर आई-वडील, भावंडे आणि मुले यांनीही तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात.

दोष गव्हाचा, हे कसे कळले?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये अन्नाचा तीव्र तुटवडा होता. पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीतही सिलिअ‍ॅकने आजारी असलेली मुले सुधारू लागली. पुन्हा पाव मिळू लागला आणि ती पुन्हा आजारी पडली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांचा गव्हाबद्दलचा संशय त्यातून पक्का झाला. १९५० मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात तो मांडला. आजही या आजारावरचा उपचार तोच आहे : आयुष्यभर ग्लुटेन पूर्ण बंद.

भारतात हा आजार किती?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशाच्या तीन भागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. सिलिअ‍ॅककडे बोट दाखवणारी प्रतिपिंडे उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांच्या रक्तात आढळली. रोजच्या आहारातला गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम होता. जनुकांचे प्रमाण मात्र तिन्हीकडे फारसे वेगळे नव्हते.

महाराष्ट्राच्या ताटात भाकरीही आहे आणि पोळीही. भात-भाकरीच्या भागांतही आता रोजची पोळी, पाव, बिस्किटे पोहोचली आहेत. त्यामुळे ‘हा उत्तरेकडचा आजार’ म्हणून दुर्लक्ष करणे धोक्याचे.

लक्षणे का चकवतात?

लहान मुलांत वारंवार जुलाब, फुगलेले पोट, वजन न वाढणे आणि उंची खुंटणे ही लक्षणे दिसतात. मोठ्यांत पोटाची तक्रार असेलच असे नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, सततचा थकवा, तोंड येणे, हाडे ठिसूळ होणे किंवा गर्भधारणेत अडचण, एवढेच दिसू शकते.

आपल्याकडे रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की त्यामागे आतड्याचा आजार असेल, अशी शंकाही चटकन येत नाही. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांमध्ये सिलिअ‍ॅकची शक्यता अधिक असते.

तपासणीआधी गहू सोडू नका

‘टीटीजी-आयजीए’ ही रक्ततपासणी पहिली पायरी. तिच्यासोबत एकूण आयजीएची पातळीही पाहतात. ती मुळातच कमी असेल, तर पहिली तपासणी फसवी ठरू शकते. त्यानंतर गरजेनुसार एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा बारीक तुकडा तपासतात.

इथे एक चूक नेहमी होते. कुणीतरी सांगते म्हणून आधीच गहू बंद केला जातो. मग प्रतिपिंडे कमी होतात, आतडे भरून येऊ लागते आणि आजार असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य, हाच क्रम योग्य.

खरी अडचण गिरणीत

निदान झाले, पोळी बंद झाली, ज्वारीची भाकरी सुरू झाली. तरी त्रास कायम. अशा वेळी पाहायची पहिली जागा म्हणजे पीठाची गिरणी.

गावातल्या गिरणीत एकाच जात्यावर गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ दळले जातात. आधीच्या दळणाचे पीठ जात्याच्या खाचांत, नळीत, सुपड्यात उरते. गव्हानंतर लगेच ज्वारी दळली, की त्या ज्वारीत गहू आलाच.

तो किती आला तर धोका? रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले, तरी आतड्याला इजा होते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. कणकेत हे प्रमाण जेमतेम अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर भरते.

त्यावर उपाय असे :

- घरघंटी असेल तर ती फक्त ग्लुटेन नसलेल्या धान्यांसाठी राखून ठेवा. दोन-तीन रुग्णांच्या कुटुंबांनी मिळून एक घेतली, तरी चालते.
- धान्य अख्खे आणा, निवडा, धुवा, वाळवा आणि मगच दळा. मिसळलेले गव्हाचे दाणे आणि धूळ त्यामुळे निघते.
- गिरणीचे पीठ लागणारच नाही असे पदार्थ वाढवा. भात आहेच. तांदूळ भिजवून मिक्सरमध्ये वाटले की घावन, आंबोळी घरच्या घरी होते.
- पोळपाट, लाटणे, तवा, परात आणि पिठाचा डबा रुग्णासाठी वेगळा ठेवा.

स्वयंपाकघरात लपलेला गहू

रवा, मैदा, शेवया, दलिया हे उघड शत्रू. पण काही गोष्टी लक्षात येत नाहीत.

हिंग : बाजारातल्या बांधानी हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते. रोजच्या आमटीतून, लोणच्यातून, तयार मसाल्यातून ते पोटात जाते. तांदळाच्या पिठात किंवा डिंकात बांधलेले हिंग मिळते. पाकीट वाचून घ्यावे.

खपली गहू : तो पचायला हलका म्हणून विकला जातो. पण तोही गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असते. सिलिअ‍ॅक रुग्णाला तो चालत नाही.

सातू, माल्टची पेये, सोया सॉस : यांत जव किंवा गहू असू शकतो. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सहज होते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत.

पाकिटावरच्या ‘ग्लुटेन फ्री’ या शब्दांनाही निकष आहे. एफएसएसएआयच्या नियमानुसार अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. मात्र ही तयार पिठे आणि बिस्किटे महाग असतात. भात, वरण, भाजी, दही, अंडी, मासे, शेंगदाणे या रोजच्या जेवणावर भर दिला, तर त्यांची गरज फारशी पडत नाही. उपवासाचे साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा हे पदार्थही मुळात ग्लुटेनमुक्तच. पीठ विकत घेताना तेवढी काळजी घ्यावी.

भाजे लेण्यांच्या सहलीत काय खावे?

निखाऱ्यावर भाजलेले कणीस, उकडलेल्या शेंगा, केळी, उकडलेली अंडी हे तुलनेने निर्धास्त पर्याय. वडापावातला पाव तर नाहीच, पण नुसता वडाही विचारून घ्यावा. बेसनात ग्लुटेन नसते. मात्र त्याच कढईत समोसा किंवा ब्रेड पकोडा तळला असेल, तर तेलातून गहू येतो. कांदाभजीलाही हेच लागू. पिठलं-भाकरी दिसायला सुरक्षित, पण भाकरीचे पीठ कुठले आणि पिठल्यात हिंग कोणते, हे विचारावेच लागते. लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की मुळात गूळ-शेंगदाण्याची. पाकिटावरचे घटक तेवढे पाहावेत. घरचा डबा सोबत असला, तर सगळ्यात उत्तम.

‘थोडं खा, काही होत नाही’

पथ्य मोडते ते बहुतेकदा आग्रहामुळे. लग्नाची पंगत, पूजेचा शिरा, होळीची पुरणपोळी. नाही म्हटले की लोक दुखावतात. मुलांचे तर जास्तच अवघड, कारण वाढदिवसाचा केक सगळा वर्ग खातो.

घासभर शिरा खाऊन त्याच दिवशी त्रास होईलच असे नाही, पण आतड्याचे नुकसान मात्र होते. म्हणून शाळेत शिक्षकांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आजार स्पष्ट सांगून ठेवावा. सणाला पुरणपोळीऐवजी उकडीचे मोदक किंवा तांदळाची खीर सगळ्यांसाठीच केली, तर मुलाला वेगळे बसावे लागत नाही.

पथ्य पाळल्यावर पुढे काय?

काही आठवड्यांत पोटाचा त्रास कमी होऊ लागतो. प्रतिपिंडे उतरायला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. मुलांचे आतडे मोठ्यांपेक्षा लवकर भरून येते आणि वेळेत निदान झाल्यास खुंटलेली उंचीही वाढू लागते. सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने टीटीजी, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

काटेकोर पथ्य पाळूनही टीटीजी खाली येत नसेल, तर लगेच नवे औषध शोधण्याची घाई नको. आधी हिंगाची डबी उलटून घटक वाचावेत आणि दळण कुठून येते, ते पाहावे.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. तपासणी आणि आहारातील बदल डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावेत.)