फातिमा: एका नावाचा प्रवास

आमच्या शेजारात 'फातमा' अशी हाक कानावर पडली की मला सावित्रीबाई फुल्यांचं पत्र आठवतं. आजारपणात माहेरी नायगावला असताना, 10 ऑक्टोबर 1856 रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलं. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशी त्यांना खात्री होती. या फातिमा म्हणजे फुल्यांच्या शाळांतल्या सहकारी फातिमा शेख. केवढा विश्वास आहे त्या दोन ओळींत!

आता अर्थ. अरबीत 'फतम' म्हणजे बाळाचं दूध तोडणं. त्यावरून फातिमा म्हणजे दूध तोडणारी. अंगावर पाजणाऱ्या आईच्या रोजच्या जगण्यातला हा शब्द. मला तो फार आवडतो. पैगंबरांच्या कन्येचं हे नाव असल्यामुळे ते जगभर पोहोचलं. इजिप्तवर राज्य केलेलं फातिमी घराणंही त्यांच्याच नावाचं.

आणि गोव्यात? तिथे ख्रिस्ती मुलींचं नावही फातिमा असतं! ते येतं पोर्तुगालहून: तिथल्या फातिमा गावी 1917 मध्ये तीन मुलांनी मेरीमातेचं दर्शन झाल्याचं सांगितलं. त्या गावाचं नाव मुळात अरबीच, मूर म्हणजे मुस्लिम राजवटीच्या काळापासून मागे राहिलेलं.

तुमच्या ओळखीत कुणी फातिमा, फातमा किंवा फातिमाबी आहेत का? घरात त्यांना लाडाने काय म्हणतात, जरूर सांगा.