बारा काय?

मुलांनो, लपंडाव तर तुम्ही खेळताच. आता आकड्यांचा एक खेळ खेळून पाहा!

वर्गाचे दोन गट करा. एका गटाने आठ दिवस एखाद्या रोपाची उंची मोजायची, दुसऱ्याने दुपारचे तापमान. रोज वहीत नोंद करायची. नवव्या दिवशी वह्यांची अदलाबदल! समोरच्या गटाची वही वाचून आलेख काढायचा. अट एकच. लिहिणाऱ्यांना काहीही विचारायचे नाही.

मग खरी गंमत! वहीत नुसतेच ‘१२’. बारा काय? सेंटिमीटर की इंच? कधी मोजले? कोणी? जिथे अडेल तिथे लिहिणाऱ्यांचा एक गुण वजा.

मधेच एके दिवशी बाईंनी किंवा सरांनी गुपचूप दोन्ही वह्या लपवाव्यात. ज्यांनी दुसरी प्रत काढून वेगळी ठेवली असेल, त्यांना पाच गुण!

हसू नका हं! या खेळात मोठे शास्त्रज्ञही हरलेत. ‘नासा’चे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचले आणि नष्ट झाले. का? एका संगणक-प्रणालीने बलाचे आकडे पौंडांत दिले, दुसरीने ते न्यूटनमध्ये आहेत असे धरले. एक पौंड बल म्हणजे जवळजवळ साडेचार न्यूटन! यान ठरल्यापेक्षा फारच खाली गेले.

पालकांनो, घरी विजेच्या मीटरवरही हा खेळ जमेल. आणि मुलांनो, आकड्याशेजारी एकक, तारीख, वेळ आणि नाव लिहायला विसरू नका. एकटा आकडा मुका असतो!